घरात तीन कॉम्प्युटर: मायक्रोसॉफ्ट ऑफिस एकदाच विकत घ्यावं की दरवर्षी पैसे भरावेत?

हिशोबी: माझं मत सरळ आहे, एकदाच पैसे टाका आणि मोकळे व्हा. घरी एक डेस्कटॉप, दोन लॅपटॉप, काम काय तर पत्रं, थोडं एक्सेल, मुलांचे प्रोजेक्ट. त्यासाठी दरवर्षी वर्गणी कशाला? ऑफिस होम २०२४ घ्यायचं, विषय संपला.

कीबोर्डवाली: संपला कुठे, तिथेच तर सुरू होतो! ते एकाच मशीनवर चालतं, म्हणजे तीन मशीनला तीन वेळा खरेदी. होम अँड स्टुडंट २०१० च्या फॅमिली पॅकमध्ये तीन कॉम्प्युटर चालायचे, २०१३ पासून ती चैन बंद. उलट वर्गणीवाल्या मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिलीत मशीन मोजतच नाहीत, माणसं मोजतात. सहा जण, प्रत्येकाचं वेगळं अकाउंट, एकेकाला एकावेळी पाच डिव्हाइसवर साइन-इन, वर १ टीबी ऑनलाइन जागा प्रत्येकाला.

हिशोबी: आणि वर्गणी थांबली की? फाइल उघडते, प्रिंट होते, पण एक अक्षर बदलता येत नाही. हे भाड्याचं घरच झालं.

कीबोर्डवाली: फाइल तुमचीच राहते हो, ब्राउझरमधल्या फुकट वर्डमध्ये एडिट करा की. आणि विकत घेतलेलं तरी कुठे जन्मभर पुरतं, २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, २०२४ चा ऑक्टोबर २०२९ मध्ये संपेल. चालेल पुढेही, पण सिक्युरिटी अपडेट नाहीत.

मधलाच: मग ३६५ पर्सनल घ्या ना, त्यातही पाच डिव्हाइस चालतात, सगळ्यांना एकच पासवर्ड द्यायचा.

कीबोर्डवाली: ते एका माणसासाठी आहे, पाच माणसांसाठी नाही. नियम सोडा, वापरून तरी बघा, वर्ड उघडलं की रीसेंटमध्ये नवऱ्याचं राजीनामा पत्र, पोराचा निबंध आणि तुमचा कर्जाचा हिशोब एकाखाली एक. कोणी काय डिलीट केलं यावरून भांडणं ती वेगळीच.

फुकटराव: लिबरऑफिस हे फुकटचं ऑफिस टाका, तीन काय तीस मशीनवर टाका, कोणी विचारणार नाही. फक्त टेबलं आणि फॉन्ट भरलेली वर्डची फाइल इकडून तिकडे गेली की मांडणी जरा हलते, शाळेत किंवा ऑफिसात पाठवायची असेल तर पीडीएफ करून पाठवा.

मधलाच: ऑनलाइन कवडीमोलाने ऑफिसच्या ॲक्टिव्हेशन की (कोड) मिळतात, त्या घेतल्या तर?

हिशोबी: त्यांच्या वाटेला जाऊ नका. बऱ्याचदा त्या कंपन्यांना अनेक मशीनसाठी एकत्र दिलेल्या (व्हॉल्यूम) लायसन्सच्या की असतात, ॲक्टिव्हेट झालं म्हणजे हक्क मिळाला असं नसतं. कधी बंद पडेल नेम नाही आणि तेव्हा विकणारा गायब असतो. आता मशीन मोजायचं म्हणाल तर आमच्याकडे लॅपटॉप फक्त मुलंच वापरतात, त्यांचं ब्राउझरमधल्या वर्डवर भागतं, डेस्कटॉपला एक लायसन्स घेतलं की झालं. मी अजूनही वर्गणी भरणार नाही.

कीबोर्डवाली: भरू नका, पण आधी वर्डमध्ये फाइल मेनू आणि मग त्यातलं अकाउंट उघडून बघा, तिथे प्रॉडक्टचं नाव आणि ॲक्टिव्हेशन दिसतं. कदाचित लॅपटॉपसोबत एक आधीच आलेलं असेल. आणि घरातून धंद्याची बिलं काढत असाल तर होम अँड बिझनेस बघा.

हिशोबी: बघितलं. डेस्कटॉपवर २०१९ आहे.