बडोदा : अडीच दिवस, नऊ माणसं, तीन दुखरे गुडघे (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

२३ जानेवारीला रात्री मुंबईहून निघायचं आणि २६ला रात्रीपर्यंत घरी, असा बडोद्याचा बेत आहे. तिकिटं काढायची वेळ आली तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडणं मिटत नाहीत, म्हणून इथे विचारतेय. बडोदेकरांनो, धावा.

माणसं नऊ. आम्ही दोघं, १० वर्षांचा मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. माझी शाळेपासूनची मैत्रीण, तिचा नवरा, दोन मुली (१४ आणि ६) आणि तिचे बाबा. तीन गुडघ्यांचा हिशोब असा, की सासूबाईंचे दोन्ही आणि काकांचा एक.

सासूबाईंचं माहेर दांडिया बाजारातलं. त्यांचे आईवडील गेल्यावर जाणं सुटलं ते सुटलंच, ३५ वर्षं झाली. पण अजून स्वेटरचे टाके गुजरातीतच मोजतात. 'अगियार, बार, तेर' पुटपुटत असताना कुणी हाक मारली की सगळी ओळ पुन्हा मोजावी लागते आणि मग घरात कुणाची धडगत नसते. राजवाडा आधी बघायचा का, असं विचारलं तर म्हणाल्या, "राजवाडा कुठे पळून जातोय? मला आधी सुरसागरच्या काठावर नेऊन बसव." तळ्यात आता १११ फुटी शंकर उभा आहे हे मोबाइलवर दाखवलं. "आमच्या वेळी नुसतं पाणी होतं," म्हणाल्या आणि फोन परत दिला.

आता भांडणाचं मूळ. मैत्रिणीच्या नवऱ्याला केवडियाला जायचंच आहे. सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा, वरची गॅलरी, सगळं. बडोद्याहून साधारण ९० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन अख्खा दिवस गेला. त्याने तोडगाही काढलाय : दादरहून रात्रीच्या एकतानगर एक्सप्रेसने थेट केवडिया गाठायचं, दिवसभर तिथे फिरायचं आणि संध्याकाळी बडोद्यात मुक्कामाला यायचं. कागदावर झकास आहे. पण रात्रभर गाडीत अर्धवट झोप झालेल्या सासूबाईंना सकाळी उतरल्या उतरल्या रांगेत उभं करायची माझी हिंमत नाही. तिथे सरकते जिने आणि लिफ्ट आहेत हे मान्य, पण लिफ्टपर्यंत पोहोचायला किती चालावं लागतं, हे कुणी सांगत नाही.

आणि एक गोची आहे, जी मला परवा कॅलेंडर बघताना दिसली. २६ जानेवारी सोमवारी आलीय! लक्ष्मी विलास राजवाडा सोमवारी बंद, पुतळाही सोमवारी बंद. सोमवारीच राष्ट्रीय सुट्टी आली तर हे उघडं ठेवतात का? कुणी अशा दिवशी गेलं असेल तर नक्की सांगा. कारण तसं नसेल तर दोन्ही गोष्टी शनिवार-रविवारातच कोंबाव्या लागणार.

कोंबाकोंबीची मला धास्ती आहे. गेल्या वर्षी एका टूरवाल्याबरोबर दुसऱ्या एका शहरात गेलो होतो, एका दिवसात सात ठिकाणं. चौथ्या ठिकाणापासून सासूबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. खिडकीची काच खाली करून आमच्या चपला सांभाळत बसल्या होत्या. घरी आल्यावर काय काय पाहिलं असं शेजारच्या काकूंनी विचारलं, तर म्हणाल्या, "पार्किंग."

तर माझा कच्चा आराखडा असा. शनिवारी सकाळी पोहोचून आंघोळी-नाश्ता, मग लक्ष्मी विलास आणि त्याच आवारातलं फत्तेसिंह संग्रहालय, कारण राजा रविवर्म्याची चित्रं मला स्वतःला निवांत बघायची आहेत. मुलांना सध्या सयाजीरावांची गोष्ट सांगून तयार करतेय : नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकरी घरातला मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याचा राजा झाला, आणि मोठेपणी त्याने हा राजवाडा बांधून घेतला. धाकटी रोज विचारते, दत्तक जायला कुठे नाव द्यायचं. राजवाड्यात ऑडिओ गाइड मराठीत मिळतो म्हणे, खरं का? आणि आत व्हीलचेअर मिळते की आपली न्यावी?

रविवारी दोन गट. मैत्रीण, नवरा आणि तिन्ही मुलं केवडियाला. आम्ही दोघं, सासूबाई आणि काका गावातच. सुरसागर, दांडिया बाजार, तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं, जमलं तर कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची चित्रं. मांडवीकडे नुसती रिक्षातून चक्कर. तांबेकर वाड्याचे जिने कसे आहेत? अरुंद असतील तर सासूबाईंना खालीच बसवते, पण बसायला जागा आहे का तेही सांगा. खंडेराव मार्केट रविवारी चालू असतं का?

सोमवारी सकाळी सयाजीबाग, ज्याला सासूबाई कमाटीबागच म्हणतात. ही जागा यादीत काकांमुळे सगळ्यात वर आहे. त्यांची एकच अट होती, संकल्पभूमी. बडोदा संस्थानच्या नोकरीत असताना बाबासाहेबांना गावात राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढलं, तेव्हा २३ सप्टेंबर १९१७ला ते याच बागेत वडाखाली बसले होते. काका म्हणाले, "बाकी तुम्ही न्याल तिकडे येतो, तिथे मात्र मला घाई करू नका." त्यामुळे पहिला तासभर तिथेच. बागेच्या कुठल्या दरवाजाने गेलं तर चालणं कमी पडेल? मग मुलांसाठी बागेतलं म्युझियम, ममी आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा. हे तरी २६ला उघडं असेल ना?

पावागड मी परस्पर कापलाय. रोपवेनंतरही पायऱ्या आहेतच. चांपानेर बघायची फार इच्छा होती, पण एका गुडघ्यावर तीन गावं होत नाहीत.

गाडीचं काय करावं? नऊ जणांना एक इनोव्हा पुरत नाही आणि जुन्या गावात टेम्पो ट्रॅव्हलर शिरेल असं वाटत नाही. गावात रिक्षा आणि केवडियाला जाणाऱ्यांपुरती एक गाडी दिवसभर, असं मनात आहे. हॉटेल स्टेशन-सयाजीगंज बाजूला घ्यावं की रावपुऱ्याकडे? लिफ्ट हवीच. (दारूबंदी आहे हे मैत्रिणीच्या नवऱ्याला माहीत आहे. परमिटबद्दल त्याने वेगळा धागा काढावा.)

खाण्याचं विचारत नाही, सेव उसळ आणि दुलीरामचे पेढे ठरलेत. भाकरवडीवरून बडोदा की पुणे हा वाद इथे सुरू करू नका, तो आमच्या घरात लग्नापासून चालू आहे. फक्त एवढं सांगा : लीलो चेवडो (बटाट्याचा ओलसर चिवडा) परतीच्या प्रवासात टिकतो का? सासूबाईंना डोंबिवलीच्या बहिणीसाठी न्यायचाय, आणि ती मंगळवारशिवाय भेटणार नाही.