अकरावीला मराठी सोडून माहिती तंत्रज्ञान घ्यावे का?

मूळ मांडणी : दहावी झालेल्या मुलीचे वडील, कोल्हापूर जिल्हा

मुलीने विज्ञान शाखेला जायचे हे घरात आधीच ठरले होते, त्यामुळे विषयांची निवड हा काही चर्चेचा प्रश्न आहे असे मला वाटत नव्हते. कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश निश्चित करताना हाती आलेल्या विषयांच्या अर्जावर मात्र सक्तीच्या इंग्रजीखाली एक रकाना होता आणि त्यात मराठी, हिंदी, संस्कृत व माहिती तंत्रज्ञान यांपैकी एकावर खूण करायची होती. खिडकीतल्या लिपिकाने मान वर न करताच सांगितले, "आयटीवर करा, सगळे तेच करतात." आम्हीही तेच केले. घरी आल्यावर मात्र माझ्या लक्षात आले की, मुलीच्या आयुष्यातले मराठीचे औपचारिक शिक्षण एका खुणेने संपवले होते आणि त्यासाठी आम्हाला अर्धा मिनिटही लागले नव्हते.

आयटी घेण्याचे सर्वत्र सांगितले जाणारे कारण गुणांचे आहे. मराठीत सत्तरीच्या घरात राहणारा विद्यार्थी आयटीत सहज नव्वदी ओलांडतो, असे म्हणतात आणि ते बहुधा खरेही असेल. पण हे वाढलेले गुण नेमके कोठे उपयोगी पडतात? राज्यातील अभियांत्रिकीचे प्रवेश सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतील पर्सेंटाइलवर होतात. बारावीत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात आणि तेही भौतिकशास्त्र, गणित व तिसरा एक मान्य विषय एवढ्यांच्याच बेरजेत. वैद्यकीयसाठी 'नीट' ही प्रवेश परीक्षा आहे, तेथेही बारावीची अट भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांच्या बेरजेची असून इंग्रजीत केवळ उत्तीर्ण व्हावे लागते. म्हणजे ज्या गुणांसाठी आपण भाषा सोडतो, ते गुण या दोन्ही दारांवर कोणी विचारतच नाही.

मी पाणीपुरवठ्याच्या कामाशी संबंधित एका कार्यालयात नोकरी करतो. आमच्याकडे नव्याने येणारे कनिष्ठ अभियंते अंदाजपत्रक माझ्यापेक्षा झरझर करतात, परंतु गावची योजना तीन महिने का रखडली हे सरपंचांना चार ओळींच्या पत्रात कळवायचे म्हटले की त्यांची पंचाईत होते. मग जुन्या फाइलमधले एखादे पत्र शोधून त्यातली गावाची नावे बदलली जातात. (एकदा एक नाव बदलायचे राहिले आणि शेजारच्या तालुक्यातल्या विहिरीचा खुलासा आमच्या सरपंचांना मिळाला, त्याविषयी येथे अधिक न लिहिणेच बरे.) मराठी ही १९६४च्या कायद्याने राज्याची राजभाषा आहे, २०२०च्या कायद्याने पहिली ते दहावी सक्तीची आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तिला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. दहावीनंतर मात्र तिला संगणकाच्या विषयाशी एकाच रकान्यात स्पर्धा करावी लागते. आयटीची ही खूण पुसून मराठीवर करावी, असे माझे मत झाले आहे. माझे कोठे चुकत असेल तर अवश्य सांगावे.

प्रतिसाद १ : माहिती तंत्रज्ञान शिकवणारी शिक्षिका, सांगली

दादा, आपली तळमळ समजली, परंतु आपल्या मांडणीत आयटी म्हणजे गुणांची खिरापत असे जे गृहीत धरले आहे ते मला मान्य नाही. परीक्षा संगणकावर होते, ८० गुणांच्या त्या परीक्षेत वस्तुनिष्ठ प्रश्नांचा वाटा मोठा असतो आणि उरलेले २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, म्हणून गुण चढतात, हे खरे आहे. पण विज्ञान शाखेचा विद्यार्थी त्यात वेब पान रचायला, जावास्क्रिप्टमध्ये लहानसा प्रोग्रॅम लिहायला आणि पीएचपी या संगणकभाषेची तोंडओळख करून घ्यायला शिकतो, तर वाणिज्यचा विद्यार्थी संगणकावर हिशेब ठेवायला शिकतो. माझ्या वर्गात दरवर्षी अशी मुले-मुली असतात ज्यांच्या घरी मोबाइल आहे, पण कळफलकावर दहा बोटे ठेवण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नसते. त्यांच्यासाठी आठवड्यातला तो तास हाच संगणकाशी आलेला पहिला खरा संबंध असतो.

दुसरे असे की, मराठी आणि आयटी यांना एका रकान्यात आम्ही बसवलेले नाही. आमच्यातल्या बहुतेकांचा विषय विनाअनुदानित आहे, विद्यार्थ्यांकडून त्याचे वेगळे शुल्क घेतले जाते आणि आमच्या हाती पडणारे मानधन सांगण्याजोगे नसते. मराठीच्या घसरणीचा आरोप आमच्यावर येतो तेव्हा, ज्यांच्या ताटात काही पडलेच नाही त्यांच्यावर दुसऱ्याचे ताट ओढल्याचा आळ आल्यासारखे वाटते. शिवाय बायफोकलची, म्हणजे द्विलक्षी व्यावसायिक विषय घेणारी मुले तर आपल्या हिशेबातच नाहीत. दोनशे गुणांचा संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतला की द्वितीय भाषेचा रकानाच उरत नाही आणि बहुधा जीवशास्त्रही सुटते. त्याबद्दल इतक्या वर्षांत कोणी हळहळल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

प्रतिसाद २ : बारावी विज्ञानचा विद्यार्थी, लातूर

काका, गुण कोणी विचारत नाही हे आपले विधान अर्धेच खरे आहे. जेईई या देशपातळीवरच्या परीक्षेतून आयआयटीत किंवा एनआयटीत जायचे असेल तर बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के) किंवा मंडळाच्या परीक्षेत वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे साधारण वरच्या वीस टक्के विद्यार्थ्यांत स्थान लागते. ही टक्केवारी काढताना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि याखेरीज एक विषय असे पाच विषय धरतात. भाषा म्हणून इंग्रजी चालते आणि पाचव्या जागी माझा आयटी बसतो. ज्याची गाडी ७३ वर अडकते त्याला हे पाच-दहा गुण कसे जपावे लागतात ते आमच्या खोलीवर येऊन पाहावे.

आणि खरे सांगायचे तर आमच्यापुढे निवड मराठी की आयटी अशी नसतेच. आमचे महाविद्यालय क्लासशी जोडलेले आहे. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत भौतिक, रसायन, जीव किंवा गणित एवढेच असते, आणि महाविद्यालयात जाणे होते ते प्रयोगवहीवर सह्या घेण्यापुरते. भाषेचा तास वेळापत्रकात छापलेला आहे, पण त्या तासाला मी बाकावर बसलो आहे असे एकदाही घडलेले नाही. अशा वेळी मी मराठी घेतले असते तर परीक्षेच्या आधीच्या दोन दिवसांत गाइडमधली रसग्रहणे पाठ केली असती, इतकेच. त्याने सरपंचांना पत्र लिहिता आले असते का? आयटीसाठीही मी तेच दोन दिवस देणार आहे, फक्त त्याच दोन दिवसांत गुण अधिक मिळतात.

मला मराठी वाचायला आवडते. म्हणूनच ती गाइडमधून वाचावी असे वाटत नाही.

प्रतिसाद ३ : वाणिज्य शाखेतील मुलाची आई, डोंबिवली

आपण सर्व जण विज्ञान शाखेविषयीच बोलत आहात. बीकॉम, बीए आणि पुष्कळ ठिकाणी बीएस्सीचे प्रवेशही आजही बारावीच्या एकूण गुणांच्या गुणवत्ता यादीवर होतात. बीएमएस, बीबीए, बीसीए यांना २०२४-२५ पासून सीईटी आली, परंतु साध्या बीकॉमला चांगल्या महाविद्यालयात जागा हवी असेल तर एकेक गुण मोजला जातो. तेव्हा मूळ लेखातला युक्तिवाद आमच्या शाखेला लावताच कोसळतो.

माझी खरी अडचण मात्र वेगळी आहे. मुलगा इंग्रजी माध्यमाचा. दहावीपर्यंत त्याला मराठी होते, पण ते 'अक्षरभारती'चे, म्हणजे ज्यांची ती माध्यमभाषा नाही अशांसाठी बेतलेले. मराठी माध्यमाच्या मुलांना 'कुमारभारती' असते आणि त्या दोन पुस्तकांच्या काठिण्यात किती अंतर आहे हे ज्यांनी दोन्ही चाळली आहेत त्यांना ठाऊक असेल. अकरावीत मात्र दोघांपुढेही एकच 'युवकभारती' येते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाशी त्याच उत्तरपत्रिकेत बरोबरी करायला माझ्या मुलाला सांगणे म्हणजे पोहायला नुकत्याच शिकलेल्याला पुराच्या पाण्यात उतरवण्यासारखे आहे. आम्ही घरी मराठीच बोलतो, त्याच्या आजीला तो मराठीतच पत्र लिहितो (तिचा तसा हट्टच आहे), तरीही आम्ही आयटीवर खूण केली आणि त्याची मला खंत नाही. भाषा घरात टिकते, असे मला वाटते.

प्रतिसाद ४ : कनिष्ठ महाविद्यालयातील मराठीचे शिक्षक, यवतमाळ जिल्हा

भाषा घरात टिकते हे ताईंचे म्हणणे बोलण्यापुरते खरे आहे, लिहिण्यापुरते नाही. आजीचे पत्र आणि अहवाल यांत फरक आहे. घरातल्या भाषेत विधानाला आधार द्यावा लागत नाही, दोन बाजू मांडून निष्कर्षाला यावे लागत नाही, अनोळखी माणसाला समजेल असे लिहावे लागत नाही. हे सोळाव्या-सतराव्या वर्षीच शिकवावे लागते, कारण त्याआधी मुलाला मते नसतात आणि त्यानंतर त्याला वेळ नसतो.

मूळ लेखक ज्याची उणीव सांगत आहेत ते बारावीच्या पुस्तकात आहे. उपयोजित मराठी या विभागात मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख हे घटक आहेत आणि ८० गुणांच्या लेखी परीक्षेबरोबर २० गुणांची तोंडी परीक्षाही आहे. पुस्तक वाईट नाही. पण विद्यार्थी मित्राने जे लिहिले ते वाचून मला राग येण्याऐवजी लाजच वाटली, कारण अहवाल हा घटक शिकवताना मी स्वतः गेली काही वर्षे वृक्षारोपण कार्यक्रमाचा एक नमुना फळ्यावर लिहून देत आलो आहे. मुले तो पाठ करतात. ज्या शाळेत एकही झाड लावले गेले नाही तिच्यातल्या वृक्षारोपणाचे शेकडो अहवाल मी तपासले आहेत. असे शिकवले तर मराठी घेऊनही पत्र लिहिता येणार नाही, हे त्या मुलाचे म्हणणे मला खोडता येत नाही.

तरीही मी मूळ लेखकांच्याच बाजूने आहे आणि त्याचे कारण व्यवहाराचे आहे. विद्यार्थी कमी झाले की तास कमी होतात, तास कमी झाले की पूर्णवेळ शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याच्या जागी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, एखादा तरुण येतो, जो एका दिवसात तीन महाविद्यालयांत शिकवून पेट्रोलचा खर्च कसाबसा भागवतो. त्याने तरी फळ्यावर नमुना लिहून देण्यापलीकडे काय करावे? मग शिकवणे आणखी रोडावते आणि पुढच्या वर्षी आणखी दहा मुले आयटीकडे जातात. विषय वाईट शिकवला जातो म्हणून सोडायचा असे ठरवले, तर तो चांगला शिकवला जाण्याची शक्यताही आपणच संपवतो.

आणि एक. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. तिच्यात मराठीची ३०० गुणांची पात्रता प्रश्नपत्रिका आहे, २५० गुणांचा निबंध आहे. अकरावीला आयटी घेतलेली मुले पदवीनंतर माझ्याकडे निबंध दाखवायला येतात. परिच्छेद कोठे बदलावा येथपासून आम्ही सुरुवात करतो.

प्रतिसाद ५ : माहिती तंत्रज्ञान शिकवणारी शिक्षिका, सांगली

सर, वृक्षारोपणाचे अहवाल वाचून मनापासून हसले, कारण आमच्या प्रात्यक्षिकाच्या वह्यांतही एकच वेब पान साठ जणांच्या नावाने असते. आपण म्हणता ते चक्र मला पटते. पण त्यावरचा उपाय म्हणून विद्यार्थ्याने आयटी सोडावे, हे पटत नाही. भाषा आणि आयटी यांचे रकानेच वेगळे करावेत. तसे केल्यास विज्ञानाच्या मुलांवर एका विषयाचा भार वाढेल हे मी जाणते, परंतु मराठी १०० गुणांऐवजी ५० गुणांची आणि केवळ लेखनावर भर देणारी ठेवली तर तो भार पेलण्यासारखा होईल.

प्रतिसाद ६ : मराठीचे शिक्षक, यवतमाळ जिल्हा

पन्नास गुणांची मराठी म्हणजे अर्धा कार्यभार, मॅडम. म्हणजे पुन्हा तासिका तत्त्व. शिवाय अकरावीत नाटक आणि बारावीत कथा हे साहित्यप्रकार मुले थोड्या विस्ताराने अभ्यासतात, ते आपण आधी कापाल. केवळ अर्ज आणि अहवाल शिकवणारी भाषा मला नको आहे. ज्याने कथेतल्या माणसाचा विचार केलेला नाही त्याला सरपंचांचाही विचार करता येणार नाही. रकाने वेगळे करण्यास मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

लातूरच्या विद्यार्थ्याने जेईईच्या पाच विषयांचा हिशेब दाखवला, तो मला ठाऊक नव्हता. डोंबिवलीच्या ताईंचा वाणिज्य शाखेविषयीचा आक्षेपही मान्य आहे. गुण कोणी विचारतच नाही, हे माझे विधान मी राज्याची सीईटी आणि नीट यांच्यापुरते मर्यादित करतो. माझी मुलगी सीईटी देणार असल्याने आमच्यापुरता निर्णय बदलत नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी अकरावीत वेगळ्या पातळीचे पुस्तक का नसावे, या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, मलाही उत्तर सुचलेले नाही.

हा सर्व मजकूर मी मुलीला वाचायला दिला. तिने सरांचा वृक्षारोपणाचा भाग दोनदा वाचला आणि एवढेच विचारले की, मराठीचा तास खरोखर भरतो का? ते मला सांगता येईना, म्हणून काल पुन्हा महाविद्यालयात गेलो. खिडकीत तेच लिपिक होते, या वेळी त्यांनी मान वर केली. विज्ञान शाखेसाठी मराठीचा स्वतंत्र तास लावायचा तर निदान पंधरा विद्यार्थी हवेत, सध्या अकरा आहेत, असे त्यांनी यादी पाहून सांगितले. मुलीची खूण बदलून आलो आहे, म्हणजे आता बारा झाले. तिच्या वर्गातल्या आणखी तिघींच्या घरी आज संध्याकाळी जाणार आहे.