अटलांटाचं फॉक्स थिएटर: मंडळाची वास्तू सिनेमाकडे कशी गेली?

रीळवाले नाना, भुसावळ

मंडळी, दोन महिने मुलीकडे अमेरिकेत अटलांटाला होतो. जावईबापूंनी एक दिवस फॉक्स थिएटर दाखवायला नेलं. माझी उभी हयात प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये गेली. आधी यात्रेतल्या तंबूच्या टॉकीजवर, मग पक्क्या थिएटरात. त्यामुळे आत शिरताच सवयीने मान मागे वळली, केबिनची खिडकी शोधायला. मग वर बघितलं, तर बाल्कनीवर पट्ट्यापट्ट्यांचा तंबू!

सारंगखेड्याच्या यात्रेत आम्ही ठोकायचो, अगदी तसा. दाखवणाऱ्या बाईंनी सांगितलं, कापड नाही, प्लास्टर आहे, आत लोखंडी सळया. बाल्कनीपर्यंत आवाज नीट पोचावा म्हणून केलेला. आमच्या तंबूत निम्मा आवाज वारा घेऊन जायचा, आणि इथे तंबूच आवाज सांभाळतो. मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

पुढे छतावर निळं आभाळ, त्यात ९६ चांदण्या. काही लुकलुकतात. ढग सरकतात, तेही यंत्राने टाकलेले. ऑर्गन ३,६२२ नळ्यांचा.

पण ही इमारत मुळात सिनेमासाठी नव्हतीच म्हणे. श्रायनर नावाच्या मंडळाने स्वतःसाठी काढली होती, म्हणून घुमट आणि मिनार. हे श्रायनर कोण? आणि एवढं देखणं सभागृह त्यांनी सिनेमावाल्याला का दिलं? बाई भरभर बोलत होत्या, निम्मं निसटलं.

जुने मास्तर, धुळे

नाना, श्रायनर ही फ्रीमेसनांचीच एक शाखा. फ्रीमेसन म्हणजे गुप्त रीतिरिवाज पाळणारं जुनं बंधुमंडळ. आधी मेसन व्हायचं, मग यांच्यात प्रवेश. लाल गोंडेदार टोपी, अरबी थाटाची नावं आणि सजावट. अटलांटातल्या शाखेचं नाव यारब टेंपल. मुलांसाठी मोफत दवाखाने काढले ते याच लोकांनी, १९२२ पासून.

मेसन आपल्याकडेही जुनेच. मुंबईत १८४३ साली ‘रायझिंग स्टार’ लॉज, म्हणजे मेसनांची स्थानिक शाखा, निघालं, ते हिंदी लोकांना सभासद करून घेण्यासाठी. त्याआधी आपल्या माणसाला तिथे दार बंद होतं.

आता तुमचा प्रश्न. कारण पैसा. बेत मोठा आखला, खर्च फुगत गेला, सभासदांच्या पैशात भागेना. तेव्हा विल्यम फॉक्स हा सिनेमावाला गावोगाव थिएटरं उभारत होता. मंडळाने प्रेक्षागृह त्याला भाड्याने दिलं. उघडलं २५ डिसेंबर १९२९ ला. साल बघा! दोनच महिन्यांपूर्वी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळलेला. १९३२ उजाडेपर्यंत थिएटरचं दिवाळं निघालं. आपल्याकडे कापसाचा भाव पडला की जिनिंगला कुलूप लागतं, तशातली गत.

बोरीकाठ, अमळनेर

नाना, भू भारी शे! वाचता वाचता सखाराम महाराजांच्या यात्रेतला तंबू आठवला, वाळूत बसून पाहिलेले खेळ. पण मला वाटलं होतं ते थिएटर पाडलं. टेलिफोन कंपनीला जागा हवी होती ना?

जुने मास्तर, धुळे

हवी होती. १९७५ मध्ये खेळ बंद झाले, तिथे कंपनीची कचेरी व्हायची होती. गावातल्या लोकांनी पैसे उभे केले, वास्तू विकत घेतली, १९७८ पर्यंत कर्ज फेडलं. कंपनीची इमारत शेजारी झाली.

रीळवाले नाना, भुसावळ

मास्तर, आता उलगडा झाला. एक गोष्ट आधी लिहायची राहिली, खरं तर लिहिताना हात थांबला होता.

बाजूने, बाहेरून एक जिना वर गॅलरीत जातो. काळ्या लोकांनी त्याच जिन्याने जायचं, तिकीटखिडकीही वेगळी. १९६२ पर्यंत. मंडळाचं सभागृह तिकीट काढणाऱ्या सगळ्यांसाठी खुलं झालं असं मी मनात धरून चाललो होतो, ते तिथेच गळालं.

आमच्या थिएटरलाही थर्ड क्लासचं दार मागच्या गल्लीत होतं. पण खिशात चार आणे जास्त असले की माणूस पुढच्या दाराने बाल्कनीत जायचा. मी स्वतः हमालांना तसं जाताना पाहिलंय, बोनसच्या दिवशी, बायकोपोरांसकट. तिथे पैसे असूनही पुढचं दार नव्हतं. हा फरक मला फार लागला.

परत निघताना त्या जिन्याचे दोन फोटो काढलेत. मुलीने पाठवले की इथे टाकतो.