प्लास्टिकमिश्रित डांबराचा रस्ता: आमच्या वसाहतीसाठी मागणी करावी का?

पाथर्डीफाटा_रहिवासी

नाशिकमधील आमच्या वसाहतीतील सुमारे ३०० मीटर लांबीच्या अंतर्गत रस्त्याचे डांबरीकरण पावसाळ्यानंतर होणार आहे. गेली दोन वर्षे आमच्याकडील महिला मंडळ दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून साठवत आहे आणि ते प्लास्टिक याच रस्त्यात वापरले जावे, अशी त्यांची इच्छा आहे. अशा रस्त्याला खरोखरच खड्डे पडत नाहीत का, प्लास्टिक तापवताना विषारी धूर होतो का आणि आम्ही जमवलेला माल कंत्राटदार घेऊ शकतो का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_अभियंता_गंगापूररोड

ही पद्धत मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी विकसित केली. त्यासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. प्लास्टिक डांबरात ढवळले जाते असा अनेकांचा समज असतो, परंतु या कोरड्या पद्धतीत क्रम उलटा आहे: हॉट मिक्स प्लांटमध्ये खडी साधारण १६० ते १७० अंशांपर्यंत तापवतात, तिच्यावर प्लास्टिकचा बारीक चुरा सोडतात, तो काही सेकंदांत वितळून खडीच्या प्रत्येक तुकड्यावर पातळ लेप धरतो आणि मगच त्यावर डांबर येते. या लेपामुळे पाणी खडी आणि डांबर यांच्यामध्ये सहजासहजी शिरत नाही. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने २०१३ मध्ये याबाबत स्वतंत्र मार्गदर्शिका काढली असून प्लास्टिकचे प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के सांगितले आहे.

पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पिशव्या आणि वेष्टनांचे नेहमीचे प्लास्टिक, ११० ते १६० अंशांच्या आसपास मऊ होतात आणि त्यांचे विघटन त्याहून पुष्कळ वरच्या तापमानाला सुरू होते. त्यामुळे तापमानावर नियंत्रण असेल, तर धुराची भीती फारशी नाही. पीव्हीसी (पाइप वगैरेंचे प्लास्टिक) मात्र पूर्णतः वर्ज्य आहे, कारण त्यातील क्लोरीनमुळे घातक वायू बाहेर पडतात.

आता खड्ड्यांविषयी. आपल्याकडील काळा बेसॉल्ट डांबराला ग्रॅनाइटपेक्षा मुळातच बरा धरतो, त्यामुळे ग्रॅनाइटची खडी वापरणाऱ्या दक्षिणेत या लेपाचा जेवढा लाभ दिसला, तेवढाच नाशिकमध्ये दिसेल असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. शिवाय लेप खडीला डांबराशी बांधतो, खालच्या भरावाला नव्हे. गटार तुंबून पाणी रस्त्याच्या पोटात मुरत राहिले, तर वर प्लास्टिक घाला किंवा न घाला, रस्ता खचणारच.

द्राक्षबाग_दिंडोरी

साहेब, आमच्याकडे दर हंगामात मल्चिंग पेपर (पिकाभोवती जमिनीवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद) आणि ठिबकच्या जुन्या नळ्यांचे ढीग पडतात आणि नाइलाजाने ते बांधावर जाळले जातात. हे रस्त्याला चालेल का?

निवृत्त_अभियंता_गंगापूररोड

दादा, मल्चिंग पेपर पॉलिएथिलीनचाच असतो, परंतु त्यात दोन अडचणी आहेत. पहिली मातीची: चुऱ्यातील धूळ आणि इतर अशुद्धी एक टक्क्याच्या आत असावी लागते आणि शेतातून ओढून काढलेला पेपर स्वच्छ धुण्याचा खर्च त्याच्या किमतीहून अधिक होतो. दुसरी रंगाची: काळे प्लास्टिक पुनःपुन्हा वितळवून बनवलेले असण्याचा संभव असल्यामुळे मार्गदर्शिकेने ते वापरू नये असे म्हटले आहे. आपल्या ठिबकच्या नळ्यांनाही हीच अट आडवी येते. हा माल पुनर्वापर करणाऱ्या व्यापाऱ्याला द्यावा, पण कृपया जाळू नये. उघड्यावर जाळल्याने होणारी हानी प्लांटमधील धुरापेक्षा कितीतरी अधिक आहे.

गोदाकाठ

एक शंका मांडतो. रस्ता झिजतो तेव्हा डांबराबरोबर हा लेपही झिजणार, आणि पहिल्या पावसात तो चुरा नाल्यांतून गोदावरीत उतरणार. कचरा मार्गी लावण्याच्या नादात आपण तो सूक्ष्म रूपात नदीला देत नाही ना?

निवृत्त_अभियंता_गंगापूररोड

शंका रास्त आहे. वितळून चिकटलेले प्लास्टिक सुट्या पिशवीसारखे उडत नाही, हे खरे. पण जुना थर यंत्राने खरवडला जातो तेव्हा त्याची भुकटी उडते आणि ती गोळा करण्याची शिस्त आपल्याकडे जवळजवळ नाही. माझ्या मते, ज्या प्लास्टिकचा चांगला पुनर्वापर होऊ शकतो ते रस्त्यात घालूच नये. दुधाच्या पिशव्या याच प्रकारात मोडतात.

हिशेबही पाहा. ३.७५ मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्याला साधारण एक टन प्लास्टिक लागते असे धरले, तर आपल्या ३०० मीटरला तीनशे किलो लागेल. अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी तीन ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे जवळपास एक लाख पिशव्या झाल्या. त्याही ठरावीक चाळणीतून जाईल इतक्या बारीक कातरलेल्या हव्यात. हे काम वसाहतीच्या पातळीवर होणारे नाही.

मागणी करायचीच असेल तर कार्यालयात आधी विचारा की, या रस्त्याखालची जलवाहिनी, मलवाहिनी आणि गॅसवाहिनीची खोदाई पूर्ण झाली आहे का.

पाथर्डीफाटा_रहिवासी

सर, आपल्या सूचनेप्रमाणे आज चौकशी केली. गॅसवाहिनीचे खोदकाम शिल्लक असून ते डांबरीकरणानंतर होणार असल्याचे समजले. त्यामुळे प्लास्टिकचा विषय तूर्त बाजूला ठेवून, आधी खोदाई आणि मगच डांबर, एवढाच अर्ज उद्या देत आहोत. पिशव्या पुनर्वापर करणाऱ्या व्यापाऱ्याकडे देण्यास महिला मंडळाच्या ताईंनी संमती दिली आहे, जरा नाराजीनेच.