बॅकअप रोज होतोय, पण रिस्टोअर केल्याची नोंद नाही. सीझनआधी काय तपासावं?

दिंडोरीरोड

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाउसचा डेटाबेस सांभाळायचं काम आता आमच्याकडे आलं आहे. उबुंटू सर्व्हर पॅकहाउसच्या ऑफिसातच आहे. मायएसक्यूएल ८.० (डेटाबेस सॉफ्टवेअर), सगळी टेबलं इनोडीबी (त्याची नेहमीची साठवण पद्धत), एकूण ३८ जीबी. त्यातले साधारण २५ जीबी म्हणजे रेसिड्यू रिपोर्टच्या (द्राक्षात उरलेल्या औषधाच्या तपासणीच्या) पीडीएफ, त्या टेबलातच ब्लॉब म्हणून, म्हणजे अख्खी फाइल रकान्यात भरून, ठेवलेल्या. बाकी प्लॉट नोंदणी, काटा (वजनाच्या नोंदी), क्रेट, पॅलेट, कंटेनर आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालाच्या पैशाचा हिशोब).

सध्या रात्री १ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्राम) मायएसक्यूएलडम्प (सगळा डेटा फाइलमध्ये लिहिणारं टूल) चालतो, त्याचं आउटपुट पाइपने थेट जीझिपला (फाइल दाबून लहान करणारं टूल) जातं आणि फाइल त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या हार्डडिस्कवर पडते. दर रविवारी ती पेंड्राइव्हवर घेतली जाते. फाइल रोज तयार होते, पण ती कधी रिस्टोअर केल्याची, म्हणजे तिच्यातून डेटा परत उभा केल्याची, नोंद कुठे नाही. जानेवारीत माल सुरू होईल. तीन प्रश्न आहेत: एवढं पुरेसं आहे का? रिस्टोअर नेमका कसा तपासायचा? आणि भर सीझनमध्ये दुपारी ३ ला सर्व्हर बसला तर किती डेटा जाईल?

सातपूर_सर्व्हर

तिसऱ्याचं उत्तर आधी. आजच्या रचनेत रात्री १ पासून दुपारी ३ पर्यंतचा सगळा काटा जाईल. मशीनच गेलं (वीज कडाडली, चोरी झाली, रॅन्समवेअर आलं) तर दुसरी हार्डडिस्कही त्याच्याबरोबर जाते. मग हातात उरतो रविवारचा पेंड्राइव्ह.

आता रोज तयार होणाऱ्या त्या फाइलबद्दल. पाइपमध्ये शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड (काम जमलं की फसलं ते सांगणारा आकडा) धरला जातो. म्हणजे डम्प मध्येच मेला तरी जीझिप मिळालं तेवढं व्यवस्थित बंद करतो आणि क्रॉनला शून्य कोड मिळतो, सगळं ठीक झाल्यासारखा. अशा अर्धवट फाइलवर जीझिपची टेस्ट चालवली तरी ती पास होते, कारण झिप म्हणून ती चांगलीच असते. म्हणून स्क्रिप्टमध्ये पाइपफेल लावा, त्याने पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी कळतं. ते बॅश या शेलमध्ये (कमांड चालवणारा प्रोग्राम) चालतं, पण उबुंटूचा क्रॉन ओळी साध्या एसएचमध्ये, म्हणजे डॅशमध्ये चालवतो. तेव्हा क्रॉनच्या ओळीत लांबलचक कमांड न लिहिता वेगळी स्क्रिप्ट करा आणि तिच्या पहिल्या ओळीत बॅश सांगा. डम्प पूर्ण झाला की फाइलच्या तळाशी ‘डम्प कम्प्लीटेड ऑन’ अशी तारखेसकट ओळ येते. ती ओळ सापडली तरच तात्पुरत्या नावाची फाइल खऱ्या नावावर आणायची, नाहीतर बोंब मारायची.

डम्पचे पर्यायही बघून घ्या:

सिंगल-ट्रान्झॅक्शन (डम्प सुरू झाला त्या क्षणाचाच डेटा घेणारा पर्याय) हवंच. ते नसेल तर डम्प चालू असेपर्यंत टेबलं लॉक राहतात आणि रात्रीचं पॅकिंग चालू असेल तर काट्याची नोंद अडकून पडते. ते लावल्यावर मात्र डम्पच्या वेळात ऑल्टर टेबल चालवायचं नाही. प्रोग्रामरने रात्री १२:५० ला नवा कॉलम टाकायला घेतला की डम्प फसतो.

रूटिन्स आणि इव्हेंट्स हे दोन पर्याय मुद्दाम द्यावे लागतात. ट्रिगर (नोंद बदलली की चालणारा कोड) आपोआप येतात, स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच ठेवलेले छोटे प्रोग्राम) येत नाहीत. पट्टीची आकडेमोड प्रोसिजरमध्ये असेल तर रिस्टोअरनंतर टेबलं पूर्ण दिसतील आणि पट्टी मात्र निघणार नाही.

एकाच डेटाबेसच्या डम्पमध्ये युजर येत नाहीत. प्रत्येक युजरचं शो क्रिएट युजर आणि शो ग्रँट्स यांचं आउटपुट वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. तसं नाही केलं तर व्ह्यू (टेबलासारखी दिसणारी साठवलेली क्वेरी) आणि प्रोसिजर वापरताना १४४९ ही एरर येते, कारण त्यांचा डिफायनर, म्हणजे ज्याच्या नावाने ते बनवले तो युजरच नव्या मशीनवर नसतो.

मखमलाबादकर

दिंडोरीरोड भाऊ, रिस्टोअरची टेस्ट अशी घ्या. वेगळं मशीन किंवा व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) घ्या आणि त्यावर सध्याचीच आवृत्ती टाका. घाईत ८.४ टाकलंत तर त्यात जुनं नेटिव्ह पासवर्ड प्लगइन मुळातच बंद असतं, आणि त्यावर बनवलेले युजर लॉगिन करू शकत नाहीत. अर्थात ८.४ वर जावं लागेलच, कारण ८.० चा आधार एप्रिल २०२६ पर्यंतचाच. पण ते काम आणि रिस्टोअरची टेस्ट एकत्र करू नका.

फाइल घ्यायची ती सर्व्हरच्या शेजारच्या डिस्कवरची नको, सर्वांत लांब ठेवलेली घ्या. ती उतरवायला लागणारा वेळसुद्धा मोजायचा आहे. लोड सुरू करण्याआधी टेस्ट मशीनवर इव्हेंट शेड्युलर (ठरल्या वेळी डेटाबेसमधली कामं आपोआप चालवणारा भाग) बंद करा, ८.० मध्ये तो मुळातच चालू असतो. त्या मशीनचं बाहेर जाणारं इंटरनेटही तोडा. नाहीतर रिस्टोअर झालेल्या कॉपीतून शेतकऱ्यांना पट्टीचे जुने एसएमएस सुटतील. शिवाय त्यात लोकांचे मोबाइल आणि बँक खाते नंबर आहेत, ते मशीन कुणाच्याही टेबलावर उघडं ठेवायचं नाही.

बिनलॉग (डेटाबेसमधला प्रत्येक बदल क्रमाने लिहिणारी फाइल) बंद ठेवून लोड करा, नाहीतर लोड होणारी प्रत्येक ओळ बिनलॉगमध्येही लिहिली जाते आणि डिस्क दुप्पट भरते. बफर पूल (इनोडीबी डेटासाठी वापरतो ती रॅम) मुळात १२८ एमबीच असतो, तो मशीनच्या निम्म्या ते दोन तृतीयांश रॅमपर्यंत वाढवा. लोड करताना फोर्स हा पर्याय अजिबात वापरू नका. तो एरर गिळून पुढे जातो आणि शेवटी सगळं झालं असं वाटतं.

लोड संपला म्हणजे टेस्ट संपली असं नाही, खरं काम इथून पुढे आहे. इन्फर्मेशन स्कीमामधला टेबल_रोज (टेबलातल्या ओळींची संख्या) हा इनोडीबीसाठी अंदाजच असतो, त्यावर विसंबू नका, काउंट करा. चालू सर्व्हरवर आकडे बदलत राहतात, म्हणून तुलना काल रात्री १२ पर्यंतच्या नोंदींची करा: पावत्यांची संख्या, एकूण किलो, पट्ट्यांची एकूण रक्कम. दोन्हीकडे पैशापर्यंत जुळलं पाहिजे. शेवटच्या नोंदीची वेळ डम्पच्या वेळेच्या जवळची आहे ना ते बघा. शेतकऱ्यांची मराठी नावं नीट वाचता येतात का पाहा. प्रश्नचिन्हं दिसली तर कॅरॅक्टर सेट कुठेतरी घसरला आहे. प्रोसिजर, ट्रिगर, व्ह्यू यांची संख्या जुळवा. दोन-चार पीडीएफ उघडा. मग ॲप्लिकेशन या कॉपीला जोडून एका शेतकऱ्याची पट्टी काढा आणि छापील पट्टीशी ताडून बघा.

हे सगळं कागदावर लिहा. पुढच्या वेळी ज्याने स्क्रिप्ट लिहिली नाही त्याच्याकडून त्या कागदावरून करून घ्या. तो जिथे अडेल तिथे कागद अपुरा आहे असं समजा.

दिंडोरीरोड

धन्यवाद. काल रात्रीच्या फाइलवर टेस्ट लावली. पीडीएफच्या टेबलावर एरर ११५३ येऊन थांबली: ‘गॉट अ पॅकेट बिगर दॅन मॅक्स_अलाउड_पॅकेट बाइट्स’. चालू सर्व्हरवर कधी अशी तक्रार नाही. डम्पमध्ये हेक्स-ब्लॉब लावलेलं आहे.

सातपूर_सर्व्हर

कारण तिथेच आहे. हेक्स-ब्लॉबमुळे प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहिला जातो. ३५ एमबीची स्कॅन केलेली पीडीएफ डम्पमध्ये ७० एमबीची ओळ होते. एका वेळी केवढा मजकूर घ्यायचा याची सर्व्हरची मर्यादा, म्हणजे मॅक्स_अलाउड_पॅकेट, ८.० मध्ये मुळात ६४ एमबी, तेव्हा ॲप्लिकेशनमधून ती पीडीएफ आत जाताना अडली नाही, पण डम्पमधून परत येताना अडते. बॅकअप होतो आणि रिस्टोअर होत नाही, त्याचं हे अगदी नेहमीचं कारण.

टेस्ट मशीनच्या सर्व्हरवर मॅक्स_अलाउड_पॅकेट ५१२ एमबी करा (कमाल १ जीबी चालतं) आणि लोड करणाऱ्या क्लायंटलाही तोच आकडा द्या. डम्पच्या कमांडमध्येही तो द्या; तिथे मूळ आकडा २४ एमबी असतो, तुमच्याकडे तो आधीच वाढवलेला असणार, नाहीतर एवढी पीडीएफ डम्पमध्येच अडली असती. चालू सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलची प्रत बॅकअपबरोबर ठेवा, म्हणजे नव्या मशीनवर हे आकडे शोधत बसावं लागणार नाही.

माझं मत विचाराल तर पीडीएफ डेटाबेसमध्ये नकोत. फोल्डरमध्ये ठेवा, टेबलात मार्ग आणि चेकसम (फाइल बदलली का हे ओळखायचा आकडा) ठेवा. रोजचा डम्प १३ जीबीवर येईल आणि जुन्या पीडीएफ बदलत नसल्याने फक्त नव्या कॉपी होतील. पण हा बदल सीझन संपल्यावर, खरड छाटणीच्या सुमारास करा. आत्ता डिसेंबरात हात लावू नका.

अंबडलिंकरोड

दुपारी ३ च्या प्रश्नाबद्दल. ८.० मध्ये बिनलॉग मुळातच चालू असतो आणि ३० दिवस राहतो. प्रत्येक बदल त्यात आहे, फक्त तो त्याच डिस्कवर पडून आहे. मायएसक्यूएलबिनलॉग हेच टूल दुसऱ्या मशीनवर रीड-फ्रॉम-रिमोट-सर्व्हर, रॉ आणि स्टॉप-नेव्हर हे तीन पर्याय देऊन चालवलं की बदल होतील तसे तिकडे लिहिले जातात. मग नुकसान १४ तासांवरून साधारण काही सेकंदांवर येतं. युजरला रिप्लिकेशन स्लेव्ह हा अधिकार लागतो. कनेक्शन तुटलं की टूल बंद पडतं, स्वतःहून परत जोडत नाही; म्हणून सिस्टमडीमध्ये (उबुंटूत प्रोग्राम चालू ठेवणारी व्यवस्था) रीस्टार्ट लावा आणि प्रत्येक वेळी शेवटच्या फाइलपासून सुरू करा. मुख्य सर्व्हर नव्याने बांधला तर बिनलॉगचे नंबर १ पासून सुरू होतात आणि जुन्या फाइलींवर नव्या लिहिल्या जातात, तेव्हा आधी फोल्डर बदला.

डम्पमध्ये सोर्स-डेटा=२ लावा (८.०.२६ च्या आधी याचंच नाव मास्टर-डेटा होतं). फाइलच्या सुरुवातीला बिनलॉगचं नाव आणि पोझिशन येते. रिस्टोअरनंतर तिथून पुढचे बिनलॉग लावायचे, सगळ्या फाइली एकाच कमांडमध्ये देऊन.

कुणी चुकून व्हेअर न लावता डिलीट चालवलं असेल तर त्याच्या आधीपर्यंतच यायचं. वेळ देऊन थांबवता येतं, पण एका सेकंदात दहा काटे झालेले असू शकतात, म्हणून डिकोड-रोज (बिनलॉगमधल्या ओळी वाचता येतील अशा करणारा पर्याय) लावून ती डिलीट शोधा आणि पोझिशन देऊन थांबा. वेळ द्यायचीच असेल तर ज्या मशीनवर टूल चालतं त्या मशीनच्या घड्याळाची लागते. व्हीएम क्लाउडवर यूटीसीमध्ये असेल तर आपले सकाळचे ११ म्हणजे तिथले ५:३०. इथे चुकलं तर साडेपाच तासांचा डेटा जादा लागतो, आणि ती डिलीटसुद्धा परत चालते.

रेप्लिका (मुख्य सर्व्हरबरोबर सतत ताजी होणारी दुसरी कॉपी) ठेवू का असं कुणी विचारेलच. मशीन बसलं तर तिचा उपयोग आहे. चुकीची डिलीट मात्र रेप्लिकावरही लगेच पोचते.

काझीची_गढी

जागेबद्दल. एक प्रत पॅकहाउसमध्ये, एक नाशिकच्या ऑफिसात, एक क्लाउडवर. नाशिकचं ऑफिस सराफ बाजार, भांडी बाजार भागात असेल तर डिस्क तळमजल्यावर नको. गोदावरीला पूर आला की तिथे पाणी शिरतं. क्लाउडवर मुंबई रिजनचं एसथ्री (ॲमेझॉनची फाइल साठवण) घेतलंत तर ऑब्जेक्ट लॉक लावा, म्हणजे सर्व्हरचा पासवर्ड ज्याच्या हाती लागला त्यालाही जुन्या प्रती ठरलेल्या मुदतीपर्यंत पुसता येणार नाहीत. ऑफिसातल्या प्रतीसाठी बॅकअप मशीननेच सर्व्हरवरून फाइल ओढून घ्यावी. सर्व्हरकडे बॅकअप मशीनचा पासवर्ड असूच नये, रॅन्समवेअर त्याच वाटेने जातं. स्वस्त म्हणून एसथ्रीच्या डीप आर्काइव्ह या संथ वर्गात ताजी प्रत टाकू नका, ती बाहेर काढायला १२ तासांपर्यंत लागू शकतात. साधी प्रतही ३० जीबीची असेल तर ५० एमबीपीएसच्या लाइनवर सलग पूर्ण वेग मिळाला तरी ८० मिनिटं लागतात. एन्क्रिप्शनची चावी त्या सर्व्हरवर नको. कागदावर, बंद पाकिटात, मालकाच्या तिजोरीत.

इशारा उलटा लावा. ‘बॅकअप फसला’ असा मेल येण्याची वाट बघू नका; सकाळी ६ पर्यंत ‘झाला’ असा निरोप आला नाही तर फोन वाजला पाहिजे. गिटलॅब या कोड साठवणाऱ्या ऑनलाइन सेवेचं ३१ जानेवारी २०१७ चं डेटा गमावल्याचं प्रकरण त्यांनीच सविस्तर प्रसिद्ध केलं आहे. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा होता आणि बॅकअपला चालत होता ९.२ चा पीजी_डम्प (पोस्टग्रेसचं डम्प टूल), म्हणून तो रोज फसत होता. फसल्याचे मेल डीमार्कच्या (मेल खऱ्या पाठवणाऱ्याचा आहे का ते बघणाऱ्या) तपासणीत नाकारले जात होते, त्यामुळे कुणाला कळलंच नाही. शेवटी सुमारे ६ तास आधी काढलेल्या एका एलव्हीएम स्नॅपशॉटवरून (डिस्कची त्या क्षणाची प्रत) त्यांनी परत उभं केलं, आणि मधला डेटा गेला.

प्रती किती दिवस ठेवायच्या? रोजच्या १४, आठवड्याच्या ८, महिन्याच्या १२. जानेवारीतली चुकीची नोंद मे महिन्यात पट्टीचा हिशोब मिटवताना लक्षात येते, तेव्हा जुनी प्रत हाताशी हवी. रिस्टोअरची टेस्ट आठवड्याला आपोआप चालवा, आणि माणसाने कागद धरून करायची ती डिसेंबरात एकदा आणि आवृत्ती बदलली की दरवेळी.

दिंडोरीरोड

पॅकेटचा आकडा वाढवल्यावर लोड पूर्ण झाला, कालपर्यंतचे किलो आणि रक्कम जुळली. एका व्ह्यूला १४४९ येते, युजरची फाइल आता बनवतो. बिनलॉग घ्यायला ऑफिसातला जुना डेस्कटॉप चालेल का?

अंबडलिंकरोड

चालेल, प्रोसेसरचं काम जवळपास नाहीच. जुनी हार्डडिस्क काढून नवी एसएसडी टाका आणि यूपीएस वेगळा घ्या. सर्व्हरच्याच यूपीएसवर लावलात तर दोन्ही एकदम बंद पडतील. जागेचा हिशोब गेल्या सीझनवरून काढा: एका दिवसात किती पीडीएफ चढल्या ते टेबलातून बघा, त्यात काट्याच्या नोंदींसाठी थोडं धरा, त्याला ३० ने गुणा आणि वर निम्मं मोकळं ठेवा. लावून झालं की मुख्य सर्व्हरवर एक टेस्ट नोंद टाका आणि डेस्कटॉपवरच्या फाइलमध्ये ती डिकोड करून दिसते का पाहा. मग नेटवर्कची वायर काढून परत लावा आणि दुसरी नोंद टाकून तीही तिकडे पोचते का बघा.