इथं ब्लॉक झालेला मोबाईल परदेशात चालतो, म्हणून घ्यावा का?

रंकाळा_वारा
मंडळी, भाचा मस्कतला निघालाय. हुपरीत चांदीच्या कामावर होता, आता तिकडं गोदामात लागलाय. त्याला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ओळखीच्या दुकानदारानं जुना पण भारी अँड्रॉइड फोन दाखवलाय. असला सेकंडहँड घ्यायचा तर पंचवीसेक हजार पडतात, हा नऊ हजारांत देतोय. का, तर म्हणे, "आयएमईआय, म्हंजे फोनचा ओळख नंबर, ब्लॉक हाय, इथं सिम चालणार नाही. पण पोरगं बाहेर निघालंय न्हवं? तिकडं झकास चालतंय." बिल नाही, बॉक्स नाही.

केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, जागा सोडून आयएमईआय, असा मेसेज १४४२२ या सरकारी नंबरवर पाठवला. उत्तर आलं: ब्लॅकलिस्टेड, म्हणजे काळ्या यादीत.

माझं मत आधीच सांगतो. फोन तिकडं चालण्याची शक्यता बरीच आहे, आणि नेमका त्यामुळंच तो घेऊ नये. ब्लॉक करण्याचा हेतूच हा की चोराच्या हातातल्या मालाला किंमत राहू नये. मस्कतला जाणारं गिऱ्हाईक मिळालं की ती किंमत परत आली. घरात मात्र मी एकटा पडलोय. मेव्हणा म्हणतो, "तू लई हरिश्चंद्र लागून गेलास." तुम्हाला काय वाटतं?

उद्यमनगरी
मेव्हण्याचं बरोबर आहे. ज्याचा फोन गेला त्यानं कवाच दुसरा घेतला असणार. तुमच्या भाच्यानं नाही घेतला तर तो फोन काय उडत मालकाकडं जाणार आहे? दुकानदार उद्या दुसऱ्या कुणाला विकणार, नाहीतर खोलून डिस्प्ले वेगळा, बोर्ड वेगळा करून विकणार. चालता फोन मोडीत काढायचा आणि गरीब पोरानं नवा घ्यायला कर्ज काढायचं, हे कुठलं शहाणपण?

मिरजकर_तिकटी
"कवाच दुसरा घेतला असणार" म्हणणं लई सोपं आहे भावा. माझा फोन गेल्या गणपतीच्या मिरवणुकीत महाद्वार रोडला गेला. हप्ते अजून चालू आहेत. सिम परत काढलं, पोलीस ठाण्यात जाऊन तक्रारीची प्रत घेतली, बिल शोधलं, सरकारच्या पोर्टलवर भरलं, ओटीपी आला, तेव्हा कुठं ब्लॉक झाला. एवढं करायचं कशाला? तर त्या फोनमध्ये भारतात कुणीही सिम घातलं की त्याची माहिती पोलिसांपर्यंत जाते म्हणून. पेपरात फोटो येतात ना, पोलिसांनी शोधून दिलेले मोबाईल मालकांना परत, ते तसंच सापडलेले असतात. तुमचा भाचा तो फोन विमानात घेऊन बसला की माझ्यासारख्याचा तेवढाही धागा तुटला. मोडीतला डिस्प्ले मला परत मिळणार नाही हे खरं, पण म्हणून अख्खा फोन मस्कतला पाठवायचा?

मॉडेल कुठलं आहे ते सांगा जरा.

सिग्नल_मास्तर
नीतीचं तुम्ही बघा, मी चालतो-न चालतो एवढंच सांगतो. नोकरी या खात्यात गेली.

ब्लॉक फोनमध्ये बसत नाही, नेटवर्कच्या यादीत बसतो. फोन टॉवरला जोडायला आला की नेटवर्क त्याचा आयएमईआय मागू शकतं. *#०६# दाबल्यावर दिसतो तो पंधरा आकडी नंबर. पहिले आठ आकडे मॉडेलचे, पुढचे सहा त्या एका नगाचे, शेवटचा ताळ्याचा. नंबर काळ्या यादीत निघाला की जोडणी नाकारायची, बास. आपल्याकडं सगळ्या कंपन्यांना एकच यादी पुरवणारी यंत्रणा म्हणजे सीईआयआर. सप्टेंबर २०१९ मध्ये ती सगळ्यात आधी आपल्या महाराष्ट्रात आली, मग दिल्लीत, आणि मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टलबरोबर देशभर.

आता ओमानच्या कंपनीनं कुठली यादी बघायची हे ती कंपनी आणि तिथलं सरकार ठरवणार. जीएसएमए ही मोबाईल कंपन्यांची जागतिक संघटना एक सामाईक यादी चालवते. पण तिच्यात नंबर घालणं आणि तिच्यावरून फोन अडवणं, दोन्ही प्रत्येक देशातली प्रत्येक कंपनी करतेच असं नाही. भगदाड आहे ते तिथं. ब्रिटनमध्ये चोरीचा फोन सगळ्या कंपन्या अडवतात. तरीही ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनच्या पोलिसांनी एक टोळी पकडली, तिनं वर्षभरात ४० हजारांपर्यंत फोन चीनला धाडल्याचा संशय होता. अडवलेला फोन कुठंतरी चालत असल्याशिवाय एवढा माल कोण उचलेल?

रोमिंगचं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. तपासणी सहसा ज्याच्या टॉवरवर फोन आहे ती कंपनी करते. म्हणजे मस्कतमध्ये इथलं सिमसुद्धा त्यात चालू शकेल. उलट सुट्टीला येताना ओमानचं सिम घालून आला तरी मुंबईत उतरल्यावर फोन मुका.

उद्यमनगरी
झालं तर मग! मास्तरांनीच सांगितलं चालतोय. महिनाभर सुट्टीला आला तर घरच्या वायफायवर व्हॉट्सअॅप चालतंय की. अडलं कुठं?

सिग्नल_मास्तर
"चालतोय" म्हणालो नाही, "चालू शकेल" म्हणालो. आज ती कंपनी यादी बघत नसेल, उद्या बघायला लागली तर दाद कुणाकडं मागणार? वायफायला आयएमईआयच्या यादीशी देणंघेणं नाही, ते चालेल.

पण दुसरं कुलूप विसरू नका. आयफोनला २०१३ पासून, आयओएस ७ बरोबर, अॅक्टिव्हेशन लॉक आलं. अँड्रॉइडलाही त्यानंतर दोनेक वर्षांत तसंच आलं. फोन रीसेट केला की मूळ मालकाचं खातं मागतो. त्याला देश कळत नाही, मस्कत काय नि मलकापूर काय. दुकानदाराला म्हणावं, समोर रीसेट करून सुरू करून दाखव. तिथंच निम्मे सौदे मोडतात.

आणि काही देशांत तर धडधडीत स्वच्छ फोनही अडतो. तुर्कस्तानात बाहेरून आणलेला फोन स्थानिक सिमवर १२० दिवस चालतो. त्यानंतर कर भरून नोंद केली नाही तर बंद. पाकिस्तानातही नोंदणीची तसलीच भानगड आहे. तेव्हा "परदेशात सगळं चालतंय" हे दुकानदाराचं वाक्य म्हणून ठीक आहे.

दुबईचा_पाव्हणा
सात वर्षं आखातात काढली. आमच्या खोलीत एकाचा इथं ब्लॉक झालेला फोन तिथल्या सिमवर बिनबोभाट चालत होता. कुणी विचारलं नाही, अडवलं नाही. पुस्तकातलं सोडा, होतं ते सांगतोय. पण मी असतो तर घेतला नसता. कारण दुसरंच आहे. तिकडं पोलिसांशी छोटं प्रकरण झालं तरी पासपोर्ट, नोकरी, सगळंच टांगणीला लागतं. नऊ हजारांच्या फोनसाठी व्हिसा पणाला लावायचा?

काळा_कोट
इथला कायदा थोडक्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसं मानायला जागा असताना, अप्रामाणिकपणे घेणं किंवा ठेवणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जुन्या भारतीय दंड संहितेतलं ४११ ते हेच. "चोरीचा नसेल, कुणाचा तरी पडलेला असेल" ही पळवाट चालत नाही. सापडलेली वस्तू मालकाला न देता गिळंकृत करणं हा अपहार, आणि अपहाराचा माल कायद्याच्या व्याख्येत चोरीच्या मालातच मोडतो.

रंकाळाराव, तुम्ही १४४२२ ला विचारून उत्तर वाचलंय आणि वर इथं लिहूनही ठेवलंय. "मला काय माहीत" म्हणायची सोय तुम्ही स्वतःच बंद केलीत. उत्तम केलंत.

दुकानदार कदाचित "आयएमईआय बदलून देतो" असंही म्हणेल. तिथून सरळ उठा. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि तसला फोन जाणूनबुजून जवळ बाळगणाराही त्यात येतो.

उद्यमनगरी
वकीलसाहेब, २००९ आठवतंय का? चायना मोबाईलचा जमाना. आयएमईआय नसलेले फोन ३० नोव्हेंबरनंतर बंद होणार म्हणून बोंब झाली. तेव्हा १९९ रुपयांत फोनमध्ये नंबर घालून देत होते, आणि तेही सरकारच्या संमतीनं. आमच्या कारखान्यातली निम्मी पोरं रांगेत होती. तेव्हा नंबर घालणं पुण्य आणि आता गुन्हा?

काळा_कोट
त्या फोनना नंबरच नव्हता, तो दिला. इथं असलेला नंबर खोडून दुसऱ्याचा चिकटवायचाय. बारसं आणि तोतयेगिरी यांत फरक आहे की नाही?

जुनं_ते_सोनं
सगळे दुकानदारावर तुटून पडलाय, म्हणून लिहितो. माझं गांधीनगरला जुन्या मोबाईलचं छोटं दुकान आहे. ब्लॉक म्हणजे चोरीच, हे तुम्ही धरून चाललाय. तसं नसतं.

एक गिऱ्हाईक आलं, फोन विकला, पैसे मोजून घेतले. मी आयएमईआय तपासला, स्वच्छ. पुढं विकला. दोन महिन्यांनी घेणारा तणतणत आला, फोन ब्लॉक. मूळ मालकानं विकल्यावर "हरवला" म्हणून तक्रार दिलेली. विम्याचे पैसे घ्यायला दिली, का घरच्यांना खोटं सांगायचं होतं, देव जाणे. ब्लॉक टाकताना जो रिक्वेस्ट आयडी मिळतो तो टाकणाऱ्याकडंच. उठवायचा तर त्यानंच. तो फोन उचलत नाही. मी घेणाऱ्याला पैसे परत दिले आणि फोन माझ्या ड्रॉवरमध्ये पडला. आता सांगा, यात चोर कोण? हा फोन बाहेरगावी जाणाऱ्याला खरं सांगून स्वस्तात दिला तर मी कुणाचं काय बुडवलं?

मिरजकर_तिकटी
तुमच्याकडं त्याच्या सहीची पावती आणि आधारची झेरॉक्स असेल तर पोलिसात जा. खोटी तक्रार त्यानं केलीय, भरू दे त्याला.

जुनं_ते_सोनं
गेलो होतो. "दिवाणी मॅटर आहे" म्हणाले. एका फोनसाठी वकील लावून तारखा घेऊ का दुकान बघू? तुमच्यासारख्या खऱ्या मालकासाठी ही यंत्रणा चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण एका बाजूची तक्रार आली की दुसऱ्या बाजूचा फोन मेला, विचारणं नाही, नोटीस नाही. दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांच्या ऑक्टोबर २०२५ च्या दुरुस्तीत जुन्या फोनचा व्यवहार करण्याआधी काळ्या यादीशी ताळा घ्यायची अट आली. ती अट आम्ही पाळू. पण विकल्यानंतर पडणाऱ्या ब्लॉकचं काय, ते त्यात कुठंय?

काळा_कोट
या मुद्द्यात दम आहे. बिल, विकणाऱ्याचं ओळखपत्र, तपासल्याचा स्क्रीनशॉट असलेल्या माणसाला ब्लॉकविरुद्ध म्हणणं मांडायला सोपी जागा हवी, हे मी मान्य करतो. "बनवाबनवी करून विकला" म्हणून फसवणुकीची लेखी तक्रार द्या, पोच घ्या, ठाण्यात दाद मिळाली नाही तर पोलीस अधीक्षकांकडं लेखी अर्ज द्या. पण त्या ड्रॉवरमधल्या फोनचा आणि रंकाळारावांच्या दुकानदाराच्या फोनचा एक फरक सोडू नका. तुमच्याकडं कागद आहे. त्यानं बिल नाही, बॉक्स नाही म्हणून सांगितलंय.

न्यू_जर्सीकर_पेठेतला
इकडून उलटं उदाहरण. इथं हप्त्यावर घेतलेल्या फोनचे पैसे थकले की कंपनी आयएमईआय काळ्या यादीत टाकते. असले फोन स्वस्तात उचलून बाहेरच्या देशांत जातात. म्हणजे आपण इथला ब्लॉक फोन मस्कतला पाठवायचा आणि कुणाचा तरी अमेरिकेतला बुडीत फोन "इम्पोर्टेड" म्हणून इथं घ्यायचा. शिवाय लोक सिम लॉक आणि ब्लॉक यांत गल्लत करतात. सिम लॉक म्हणजे एकाच कंपनीचं सिम चालणं. ते कंपनीकडून रीतसर निघतं, त्यात काही काळंबेरं नाही.

रंकाळा_वारा
सगळ्यांना धन्यवाद. मास्तरांनी सांगितलं तसं दुकानदाराला रीसेट करून दाखव म्हणालो. केला. सुरू झाल्यावर आधीच्या मालकाचं जीमेल खातं मागत बसला. दुकानदार म्हणतो, "ते बी काढून देतो, पाचशे जादा." भाच्यानंच हात जोडले आणि बाहेर आला. बारा हजारांचा नवा, बिलासकट घेतोय.

जुनं_ते_सोनं, तुमचं पटलं. पण तुम्ही "खरं सांगून" विकणार, तो घेणारा पुढं कुणाला काय सांगून विकणार?

मिरजकर, मॉडेल आणि आयएमईआय तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. बघा.

उद्यमनगरी
बारा हजारांचा घेतला, झकास. पण दुकानदार ओळखीचा म्हणून तुम्ही त्याचं नाव पोलिसात देणार नाही, हेही लिहा की. हरिश्चंद्र तिथं कुठं गेला?

रंकाळा_वारा
आयएमईआय आणि दुकानाचं नाव दोन्ही पाठवलंय मिरजकरांना. त्यांचा निघाला तर ते जातील. नाही निघाला तर काय करायचं, यावर घरात पुन्हा भांडण चालू आहे.

मिरजकर_तिकटी
माझा नाही. पण ज्याचा आहे त्यानं माझ्याएवढेच हेलपाटे घातले असणार. उद्या सकाळी ठाण्यात जातोय, तुम्ही येताय का?