दुसरा राउटर लावल्यापासून निम्म्या कॉम्प्युटरना नेट नाही (अंबड, नाशिक)

अंबड_वर्कशॉप:
अंबड एमआयडीसीत आमचं छोटं ऑफिस आहे, ९ कॉम्प्युटर. पुढच्या खोलीत फायबरचा राउटर आहे. मागे शॉप फ्लोअरवर वायफाय पोचत नव्हतं, म्हणून स्विचमधून (सगळ्या केबल एकत्र जोडणारा डबा) केबल ओढून तिथे दुसरा राउटर लावला. तेव्हापासून रोज दोन-तीन कॉम्प्युटर वायफायला जोडलेले दिसतात, पण नेट नसतं. हिशेबाचं शेअर्ड फोल्डर आणि प्रिंटरही गायब. लाईट जाऊन आली की त्रास वाढतो. चालणाऱ्या मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१ ने सुरू होतो, न चालणाऱ्याचा १९२.१६८.० ने. जाणकारांनी सांगावं.

केबलवाला_सातपूर:
दोन आकडे दिलेत तिथेच उत्तर आहे. स्विचची केबल दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये (आतल्या मशीनसाठीचा) बसली आहे आणि त्याचं डीएचसीपी (मशीनना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय) चालू आहे. म्हणजे एका नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघे झाले. कॉम्प्युटर सुरू होताना "मला पत्ता द्या" असं सगळ्यांना विचारतो आणि सहसा ज्याचं उत्तर आधी येतं त्याचा पत्ता घेतो. लाईट आल्यावर फायबरचा राउटर उठायला वेळ लावतो, दुसरा लवकर उठतो, म्हणून तेव्हा जास्त मशीन त्याच्या तावडीत सापडतात. त्याच्या वॅन पोर्टला (बाहेरचं नेट आत येतं तो) काहीच जोडलेलं नाही, मग नेट येणार कुठून? नुसतं रीस्टार्ट करून भागत नाही, कारण विंडोज बहुतेकदा आधीचाच पत्ता पुन्हा मागतो.

खात्री करायला बंद पडलेल्या मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये "आयपीकॉन्फिग /ऑल" चालवा. "डीएचसीपी सर्व्हर" या ओळीत १९२.१६८.०.१ दिसेल.

दुरुस्ती अशी. दुसऱ्या राउटरची स्विचकडची केबल काढा, फक्त एक लॅपटॉप केबलने जोडा आणि १९२.१६८.०.१ उघडा. आधी त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, राउटर रीस्टार्ट झाल्यावर नव्या पत्त्यावर लॉगिन करा आणि मगच डीएचसीपी बंद करा. क्रम उलटा केलात तर लॅपटॉपला १६९.२५४ चा पत्ता (कुणी पत्ता दिला नाही की विंडोज स्वतःच घेतो तो) मिळेल, राउटरचं पान उघडणार नाही आणि आयपी हाताने भरावा लागेल. मुख्य (फायबरचा) राउटर १९२.१६८.१.५० ते १९२.१६८.१.२०० एवढेच पत्ते वाटेल असं ठरवा, म्हणजे १.२ कुणालाच जाणार नाही. आता केबल परत लॅन पोर्टमध्येच लावा, वॅन मोकळा ठेवा. शेवटी जुना पत्ता सोडून नवा घ्यायला प्रत्येक मशीनवर "आयपीकॉन्फिग /रिलीज" आणि मग "/रिन्यू". दुसऱ्या राउटरच्या मेनूमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (पत्ते न वाटता फक्त वायफाय देणं) असेल तर त्याच्यावरचं काम एका निवडीत होतं.

गंगापूर_रोड_आयटी:
वरचं बरोबर आहे. त्यात भर: फोल्डर असलेला कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांचे पत्ते मुख्य राउटरमध्ये मॅक पत्त्यावरून (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) राखून ठेवा, उदाहरणार्थ १.१० आणि १.११. नाहीतर कधीतरी पत्ता बदलेल आणि प्रिंटर पुन्हा "ऑफलाइन" दिसेल. दोन्ही वायफायचं नाव-पासवर्ड एकच ठेवा, २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल मात्र वेगळे, एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११.

अंबड_वर्कशॉप:
केबल वॅनमध्ये घातली तर? बाहेरून येणाऱ्यांसाठी तो वेगळा ठेवता येईल असं एकाने सुचवलं.

गंगापूर_रोड_आयटी:
नको. नेट चालेल, पण सुरक्षा उलटी होते. मागच्या राउटरवरचा पाहुणा तुमच्या १९२.१६८.१ मधल्या मशीनपर्यंत सहज पोचतो, तुम्हाला मात्र मागची मशीन दिसत नाहीत. पाहुण्यांसाठी मुख्य राउटरवरचं गेस्ट नेटवर्क वापरा आणि त्यावरून शेअर्ड फोल्डर उघडतं का, हे स्वतः तपासा.

हात घातलाच आहे तर दोन्ही राउटरचे ॲडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) आणि बाहेरून व्यवस्थापन बंद करा. शेअर्ड फोल्डरला "एव्हरीवन – फुल कंट्रोल" (कुणालाही सगळे अधिकार) असेल तर ते आजच काढा. त्या मशीनवर एसएमबी १ (फोल्डर शेअर करायची जुनी पद्धत) चालू असेल तर तेही बंद करा. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) याच वाटेने पसरला होता, पॅच मार्चमध्येच येऊनसुद्धा. जुना स्कॅनर एसएमबी १ शिवाय फोल्डरमध्ये फाइल टाकत नसेल तर स्कॅन ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. हिशेबाची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर काढा आणि कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही लॉक करतं.